काट्यापलीकडचं वजन

काटा एकशे तीसवर जाऊन आदळला आणि तिथंच थरथरत राहिला. वैशाली सिस्टरने वाकून पाहिलं, केसपेपरवर १३० लिहिलं, पेन अंबाड्यात खोचलं आणि म्हणाली, "झालं ताई, उतरा. सावकाश." अनिता नावाची ती बाई भिंतीला हात लावून खाली उतरली. चपला पायात सरकवताना तिला धाप लागली आणि कुणाची तरी माफी मागितल्यासारखी ती हसली. बाकी काहीच घडलं नाही. पण दारात उभ्या असलेल्या डॉक्टर टिपणिसांची नजर त्या काट्यावरून हलेना. एकशे तीस हे त्या बाईचं वजन नव्हतं. काट्याच्या तबकडीवरचे आकडे एकशे तीसला संपत होते, एवढाच त्याचा अर्थ. त्यापुढे ती बाई आणखी किती होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कागदावर मात्र ते ठाऊक असल्यासारखं लिहिलं गेलं होतं.

टिपणीस एकाहत्तर वर्षांचे होते. त्यातली चाळीस वर्षं त्यांनी पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या नर्सिंग होममधून भूल देत काढली होती. भूल देणारा डॉक्टर कुणाच्या लक्षात राहत नाही. शुद्धीवर आलेला पेशंट सर्जनचे हात धरतो, पेढे सर्जनच्या टेबलावर येतात, आणि हा माणूस मागच्या दाराने स्कूटर काढून पुढच्या केसला निघालेला असतो. टिपणिसांना ते बरं वाटायचं. चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की त्यांना दोन वाक्यं धड जुळवता येत नसत. दोन केसांच्या मध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पुस्तक वाचायला मिळालं की त्यांचं भागत असे. आपण हा धंदा निवडला तोच मुळी लोक झोपलेले असताना काम करता येतं म्हणून, असं त्यांना अलीकडे वाटू लागलं होतं. बायको गेल्यापासून असले विचार फार यायचे आणि त्यांना अडवणारं घरात कुणी नव्हतं.

"सर, दहापाच किलोने काय फरक पडतो?" सर्जन सुजय म्हणाला. तो चाळिशीचा, चपळ, पेण आणि रोहा दोन्हीकडे ऑपरेशनं करणारा. अनिताच्या पित्ताशयात खडे होते, दोनदा दुखणं उठून ताप आला होता, ते काढायला हवंच होतं. घाई मात्र नव्हती. टिपणिसांनी भिंतीकडे बघत सांगितलं की इथलं, पेणचं ऑपरेशनचं टेबल एकशे पस्तीस किलोपर्यंतचं आहे. "टेबलाने आजवर तक्रार केलेली नाही," सुजय म्हणाला आणि वैशाली हसली. टिपणीसही हसले. हसायला नको होतं हे त्यांना हसून झाल्यावर कळलं. टेबल ही तर सगळ्यात लहान गोष्ट होती. एवढ्या वजनाचं माणूस उताणं झोपलं की पोट छातीवर चढतं आणि फुप्फुसांना जागाच उरत नाही. सडपातळ माणसाचा श्वास औषधाने थांबवला तर नळी घालायला पाचसहा मिनिटं हातात असतात. इथे दीड-दोन मिनिटांत ऑक्सिजनचा आकडा दगडासारखा खाली येतो. मान आखूड, जीभ मोठी, मास्क नीट बसत नाही, घशात काही दिसत नाही. औषधं मोजायची तर काही चरबी वगळून मोजायची, काही धरून. म्हणजे खरा आकडा हवाच. हे सगळं त्यांना सांगायचं होतं. ते म्हणाले, "एकदा खरं वजन मिळालं तर बरं."

आणि मग तो प्रश्न. तो विचारायच्या आधी त्यांनी चष्मा काढून पुसला. सोळा वर्षांपूर्वी रोह्यात हाच प्रश्न त्यांनी व्हरांड्यात उभं राहून विचारला होता, ज्याला विचारायला नको त्याला. मलिका अडतीस वर्षांची होती, अशीच जड, बेंबीजवळ हर्नियाची गाठ. नवरा कुवेतला. सासूचे डोळे गेलेले. बरोबर आला होता तो दीर, मुसा. पडद्यातल्या बाईला तिच्या झोपेविषयी काय विचारायचं, म्हणून टिपणिसांनी मुसाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "त्या झोपेत घोरतात का? मधेच श्वास अडकतो का?" मुसाची मान खाली गेली. भावजय कशी झोपते हे त्याला ठाऊक असणंच वाईट, आणि ठाऊक नाही म्हणावं तर डॉक्टरच्या मनात शंका राहणार. "नाय डॉक्टरसाहेब, तसला काय नाय," तो घराची अब्रू राखत म्हणाला, आणि टिपणिसांनी सुटल्यासारखं कागदावर 'नाही' लिहिलं. दोघंही एकमेकांकडे न बघता बाजूला झाले. तिच्या शेजारी झोपणारा माणूस समुद्रापलीकडे होता. तिच्या झोपेची खबर असलेलं असं त्या घरात कुणीच नव्हतं. ऑपरेशन सुरेख झालं. दुपारी तिला दुखू लागलं तेव्हा टिपणिसांनी इंजेक्शन दिलं आणि वॉर्डात पाठवलं. ते शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले. भिंतीपलीकडून तिचं घोरणं ऐकू येत होतं. सिस्टर डोकावून म्हणाली, "छान झोप लागलीय हो त्यांना." त्या इंजेक्शनने श्वास मंदावतो आणि हे घोरणं म्हणजे अडकणारा श्वास आहे, हे तेव्हा त्यांना कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण वाक्य अर्धं वाचून झालं होतं. थोड्या वेळाने घोरणं थांबलं. ती शांतता त्यांना वाचायला बरी वाटली. त्या शांततेत त्यांनी अकरा पानं वाचली. कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत हे त्यांना आजही सांगता येईल. मग सिस्टर ओरडली.

कुणी त्यांना दोष दिला नाही. हृदय बंद पडलं, असं सर्जन म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. मुसा तर स्वतः त्यांच्याकडे आला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुमचा काय कसूर? अल्लाची मर्जी." त्या माणसाच्या हातांची ऊब टिपणिसांना कधी विसरता आली नाही. तो चिडला असता, त्याने कॉलर धरली असती, तर एखादे वेळी त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं असतं. पण त्याने समजूत घातली आणि टिपणिसांनी ती घालून घेतली. दोन सभ्य माणसं संकोचली आणि एक बाई मेली, एवढीच ती हकीकत होती. त्यानंतर त्यांनी रोह्याच्या केसेस सोडल्या. पेणमध्येही ते हजार प्रश्न विचारू लागले, तपासण्या मागू लागले, आणि हळूहळू सर्जन लोक एकमेकांत म्हणू लागले की टिपणीस हर्निया-मूळव्याधीपुरते ठीक.

या वेळी त्यांनी अनितालाच विचारलं. आवाज चिरकला, पण विचारलं. बाईने तोंडाला पदर लावला आणि खुदकन हसली. "घोरते? इचारा यांना." तिचा नवरा काळुराम कासूजवळच्या गावातला भातशेतीवाला, काडीसारखा बारीक. तो म्हणाला, "घोरते म्हंजे? शेजारचा कुत्रा भुकतो. आन मधीच गप होते. मी मोजतो, धा, पंधरा, ईस. मग कोपर मारतो, का परत चालू." "म्हंजे मी मरते का काय असा वाटतो यांना," अनिता म्हणाली. "मराची नाय गो तू, मना पयला पाठवशील," काळुराम म्हणाला. त्यांची मुलगी सुरभी, एका कंपनीत शिफ्टला जाणारी, लाजून "बाबा, बस ना" म्हणाली. सगळे हसत होते. टिपणीस मात्र मनातल्या मनात वीसपर्यंत मोजत होते. वीस वर्षं या बाईचा श्वास त्या माणसाच्या कोपराने चालू ठेवला होता आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

वजनासाठी गिरणी सुचवली ती त्यांनीच. पेणच्या बाहेर भाताची गिरणी होती, पोती मोजायचा मोठा जमिनीलगतचा काटा तिथे होता. दुपारी दीड ते अडीच गिरणी बंद असते, कुणी नसतं, तेव्हा जाऊन या, असं त्यांनी सांगितलं आणि आपण फार नाजूकपणे वागलो असं त्यांना वाटलं. एवढ्यावर न थांबता सोमवारी दुपारी ते स्वतःही गेले; बाईला एकटं वाटू नये म्हणून. पण दिवस भाताच्या झोडणीनंतरचे होते. गिरणी दुपारीही चालू होती आणि बाहेर टेम्पो रांगेने लागले होते. माणसं पोत्यांवर बसून भाकऱ्या खात होती. परत फिरावं असं टिपणिसांच्या मनात आलं. ते म्हणायला तोंड उघडेपर्यंत काळुराम हमालाशी बोललाही होता. अनिता दोन पोत्यांच्या मध्ये उभी राहिली. पुढचं पोतं उतरलं, ती चढली. मोरू हमालाची वजन मोठ्याने पुकारायची तीस वर्षांची सवय; आत बसलेल्या मुनीमजींना लिहायला ऐकू जावं म्हणून तो ओरडत असे. त्याच्या मनात काही नव्हतं. तो ओरडला, "एकशे त्रेपन!" आतून मुनीमजींनी विचारलं, "जया का कोलम?" म्हणजे कुठल्या जातीचं भात. क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग टेम्पोवरची माणसं हसली. वाईट हसू नव्हतं ते. दुपारी भाकरी खाताना माणसं हसतात तसंच होतं. अनिताने पदर सारखा केला, खाली उतरली आणि टिपणिसांकडे सरळ बघून म्हणाली, "झाला तुमचा?" त्यांनी मान हलवली. पिठूर धुळीने त्यांचा चष्मा भरला होता, तो पुसायच्या निमित्ताने त्यांनी नजर खाली घातली.

आणि मंगळवारी त्यांनी नाही म्हटलं. सुजयच्या केबिनमध्ये त्याच्यासमोर अनिता, काळुराम आणि सुरभी बसली होती. टिपणीस उभेच राहिले. इथे आयसीयू नाही, घशात बघायचं कॅमेऱ्याचं यंत्र नाही, ऑपरेशननंतर रात्रभर तिच्या श्वासावर लक्ष ठेवणारं माणूस नाही, टेबल तेवढं वजन घेत नाही. पनवेलला किंवा मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात करा, मी चिठ्ठी देतो, असं त्यांनी पाठ केलेलं सांगितलं. प्रत्येक शब्द बरोबर होता. "मुंबईला कोण हाय आमचा?" काळुराम एवढंच म्हणाला. सुरभी उठली. "मग वजन कशाला करवलंत, डॉक्टर? नाही म्हणायचं होतं तर इथंच म्हणायचं ना. आईला पोत्यांच्या रांगेत उभं करून मग नाही म्हणालात." वजन कळल्याशिवाय नाही तरी कसं म्हणणार, हे उत्तर त्यांच्यापाशी होतं. पण ते खरं आहे का, हे त्यांना ठरवता येईना. काटा एकशे तीसला थांबला त्याच क्षणी आपलं ठरलेलं नव्हतं का? गिरणी नुसती पुराव्यासाठी नव्हती का? आणि समजा इथे सगळं असतं, आयसीयू, यंत्र, रुंद टेबल, तरी आपण हो म्हटलं असतं का? गेल्या वर्षापासून उजव्या हाताची बोटं सकाळी थोडी कापत. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सावधपणा आणि भीती यांचा सदरा एकाच कापडाचा असतो. आपण नेमकं काय घातलंय हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही. "ऱ्हाव दे गो," अनिता मुलीला म्हणाली. "डॉक्टरना भ्याव वाटतो. मना नाय वाटला तो त्यांना वाटला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. कीव होती, आणि ती त्यांना रागापेक्षा खोल लागली.

ती मंडळी बाहेर गेल्यावर सुजय फोन चाळत म्हणाला, "गुरुवारी रोह्याला घेतो. ऋत्विक भूल देईल. तिथलं टेबल नवीन आहे." मग जरा थांबून, "तो नाही म्हणत नाही, सर." ऋत्विक भूलशास्त्र शिकून दोनच वर्षं झालेला पोरगा, नम्र, भेटला की वाकून नमस्कार करणारा. बुधवारी दुपारी टिपणीस टेबलाशी बसले आणि त्यांनी त्याला एक चिठ्ठी लिहिली. झोपेत श्वास थांबतो, नवऱ्याला विचार. वजन एकशे त्रेपन्न. सपाट झोपवू नकोस, खांद्यांपासून डोक्यापर्यंत चादरींच्या घड्या रचून उतरण कर, कान छातीच्या हाडाच्या रेषेत आला पाहिजे. आधी पाच मिनिटं ऑक्सिजन, घड्याळ लावून. पनवेलहून कॅमेऱ्याचं यंत्र एका दिवसासाठी मागव. दुसरा माणूस हाताशी ठेव. दुखण्याचं इंजेक्शन अगदी थोडं, आणि दिल्यावर उठून जाऊ नकोस. दोन पानं झाली. अक्षर सुंदर आलं होतं. फोटो काढून पाठवायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्यांनी ती पुन्हा वाचली आणि त्यांना लाज वाटली. त्याला वाटेल, स्वतः पळाला आणि आता शहाणपण शिकवतोय. त्याला हे सगळं येतच असेल; आजकालची मुलं किती शिकलेली असतात. न मागता सल्ला देणं बरं नव्हे. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि पुस्तकात ठेवली. हा संकोच आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आयुष्यभर वापरून तो शब्द इतका मऊ झाला होता की त्याखाली काय काय ठेवलेलं आहे हे चाचपूनही कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळपासून त्यांना काही सुचेना. डबा आला तसाच राहिला. सोमवारपासून हे असंच चाललं होतं, दोन घास आणि ताट बाजूला. अकरा वाजले. आता तिला आत घेतलं असेल. आता शीर सापडत नसेल. जाड हातात शीर सापडत नाही. आता मास्क. त्यांनी डोळे मिटले की त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता मॉनिटरवरचा आकडा दिसत होता आणि त्याबरोबर तो आवाज, आकडा उतरताना जड होत जाणारा. बारा. एक. फोन समोर होता. आपण काय ऐकायची वाट पाहतो आहोत हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. पावणेदोनला सुजयचा मेसेज आला: 'पेशंट मस्त. चहा मागतेय. उगाच घाबरलात सर!' पुढे अंगठा. त्यांनी तो तीनदा वाचला. देव पावला, असं ते मोठ्याने म्हणाले, आणि रिकाम्या घरात ते इतकं खोटं ऐकू आलं की त्यांनी उठून पंखा लावला. अंगातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. थकवा असेल, वय झालं. आता कुणी बोलावणार नाही. मंगळवारचं ते नाही, गिरणी, मुलीचं बोलणं, सगळं आता पेणपासून रोह्यापर्यंत एका म्हाताऱ्याच्या भित्रेपणाची गोष्ट म्हणून सांगितलं जाईल, आणि ती गोष्ट खरी नाही असं म्हणायलाही त्यांच्यापाशी काही नव्हतं.

संध्याकाळी पाचला ऋत्विकचा फोन आला. "सर, बोलू का?" आणि मग बराच वेळ नुसता श्वास. तो रडत होता. "सर, नळी जात नव्हती. तीनदा केलं. मास्कनेही हवा जात नव्हती. ऑक्सिजन खाली आला. अठ्ठेचाळीस. ओठ काळेनिळे पडले सर. चौथ्यांदा गेली, कशी गेली मला माहीत नाही. सुजय सर म्हणाले, नातेवाइकांना काही सांगायचं नाही, झालं ना नीट. ती बाई ठीक आहे सर, बोलतेय, माझे हात धरून आशीर्वाद दिला तिने. मला तिच्याकडे बघवत नाहीये." टिपणीस खुर्चीच्या कडेला सरकले होते. "किती म्हणालास?" त्यांनी विचारलं. ऐकू आलं होतं. "अठ्ठेचाळीस," ऋत्विक म्हणाला. छातीतून काहीतरी ऊबदार वर आलं, गळ्यापर्यंत, कानांपर्यंत. कित्येक वर्षांत आलं नव्हतं असं. "किती वेळ?" "तीन मिनिटं. जास्तच असतील." "डोक्याखाली काय होतं?" "एक उशी, सर." एक उशी. ते शब्द त्यांनी जिभेवर ठेवल्यासारखे ठेवले. पुन्हा एकदा तो आकडा त्याच्या तोंडून ऐकावा असं त्यांना वाटलं, आणि आपल्याला हे जे वाटतंय त्याला आनंद म्हणतात, हे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. शंकेला कुठे जागा नव्हती. आयुष्यात इतकी स्पष्ट अशी एकही भावना त्यांना कधी झाली नव्हती.

"तुम्ही का नाही म्हणालात ते मला कुणी सांगितलंच नव्हतं सर," पोरगा म्हणत होता. त्यात तक्रार नव्हती. तो फक्त पुढचं ऐकायला थांबला होता. काय ऐकायला, हे जगात टिपणिसांइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. होतं रे असं, सगळ्यांचं होतं, माझंही झालं होतं, आणि माझी तर वाचली नाही. एवढीच चार वाक्यं. सोळा वर्षं ती तयार होती. त्यांनी घसा साफ केला.

"मी नाही म्हटलं होतं," ते म्हणाले.

मग "हो सर," असं ऋत्विक हळूच म्हणाला आणि फोन बंद झाला. बाहेर रस्त्यावरून एक एसटी गेली, खिडकीची काच हलली. टिपणीस उठले, स्वयंपाकघरात गेले, सकाळचा डबा उघडून भात गरम केला, त्यावर आमटी ओतली आणि ओट्याशी उभ्यानेच जेवायला लागले. चार दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली होती.